कंपनी सीमा ओलांडते, मग दाखला का अडतो?

काही दिवसांपूर्वी एक बापलेक माझ्या कार्यालयात आले. ‘‘जयभीम, वकीलसाहेब’’ म्हणत वडील खुर्चीत टेकले आणि मुलाने पिशवीतून कागदांची फाईल काढून टेबलावर ठेवली. मूळ गाव धुळे जिल्ह्यातले. आजोबांनी 1972 च्या दुष्काळात गाव सोडले, सुरत गाठली, उधन्यात झोपडी बांधली आणि यंत्रमागावर आयुष्य काढले. नातू सुरतेतच जन्मला, तिथेच शिकला, अभियंता झाला. कारखान्यांतील कामगारांना लागणारे गणवेश आणि हातमोजे शिवण्याचा उद्योग त्याला उभा करायचा आहे. त्याचा प्रश्न एका ओळीचा होता : ‘‘सर, कंपनी कोणत्या राज्यात नोंदवली तर जास्त फायद्याचे?’’

एका सल्लागाराने त्याला दिल्ली सुचवली होती, कारण म्हणे मोठे खरेदीदार दिल्लीत बसतात. संगणक क्षेत्रातल्या एका मित्राने तर थेट अमेरिकेतील डेलावेअर राज्याचे नाव घेतले होते. वडिलांचे म्हणणे, जिथे राहतो तिथेच, गुजरातेत नोंदवावी. तिघांचे तीन सल्ले होते. पण या तिघांपैकी एकानेही त्या मुलाला एक प्रश्न विचारला नव्हता. तो म्हणजे, ‘तुझा जातीचा दाखला कोणत्या राज्याचा आहे?’

बंधू-भगिनींनो, आजचा लेख या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. आपल्या समाजातील हजारो मुले-मुली आज नोकरीच्या मागे न लागता धंद्यात उतरू पाहत आहेत. सरकारी नोकऱ्या आटल्या, कंत्राटी भरती वाढली, आरक्षण कागदावर राहिले. अशा वेळी ही मुले उद्योगाकडे वळत असतील तर त्यांना योग्य माहिती मिळाली पाहिजे. ती देणे हेही चळवळीचेच काम आहे.

प्रथम त्या डेलावेअरचे काय ते पाहू. कारण हे नाव आता आपल्या मुलांच्या तोंडीही आले आहे.

डेलावेअर हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे चिमुकले राज्य. लोकसंख्या जेमतेम दहा लाखांची. पण तिथे नोंदलेल्या कंपन्या व संस्थांची संख्या 20 लाखांहून अधिक आहे! म्हणजे माणसांपेक्षा कंपन्या जास्त. ‘फॉर्च्युन 500’ या यादीतील अमेरिकेच्या बड्या कंपन्यांपैकी दोन तृतीयांश कंपन्या कागदोपत्री याच राज्याच्या रहिवासी आहेत. तेथील विल्मिंग्टन शहरात नॉर्थ ऑरेंज स्ट्रीटवर 1209 क्रमांकाची एक बसकी इमारत आहे. 2012 च्या सुमारास त्या एका पत्त्यावर 2 लाख 85 हजार कंपन्या नोंदलेल्या होत्या. तिथे ना कारखाना, ना कामगार. फक्त पत्ता.

हे कशामुळे घडते? अमेरिकेत कंपनीचा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा आहे. कारखाना टेक्सासमध्ये असो की कॅलिफोर्नियात, संचालक आणि भागधारक यांच्यातील हक्क-कर्तव्यांना कायदा लागतो तो नोंदणीच्या राज्याचा. त्यामुळे मालकवर्ग आपल्याला सोयीचा कायदा निवडतो आणि राज्ये ‘आमच्याकडे या’ म्हणून मालकवर्गासमोर कायदे मांडतात. डेलावेअरने 1899 मध्ये असा कायदा केला. त्याच्याजवळ 1792 पासूनचे ‘कोर्ट ऑफ चान्सरी’ आहे. तिथे ज्युरी नसते, कंपनीच्या वादांत मुरलेले न्यायाधीश निकाल देतात. बड्या कंपन्यांना निकालाचा अंदाज आधीच बांधता येतो, हे त्यांचे मोठे आकर्षण. आणि राज्याला काय मिळते? कंपन्यांच्या कर व शुल्कातून राज्याच्या उत्पन्नाचा सुमारे चौथा हिस्सा उभा राहतो.

डेलावेअरच्या आधी हा मान न्यू जर्सीचा होता. एका कंपनीने दुसऱ्या कंपन्यांचे भाग विकत घेऊन मक्तेदारी उभी करावी, याला न्यू जर्सीने 1889 च्या सुमारास कायद्याने वाट करून दिली. मोठमोठे ट्रस्ट तिथे जाऊन बसले. पुढे गव्हर्नर वुड्रो विल्सन यांनी 1913 च्या आरंभी मक्तेदारीला वेसण घालणारे सात कायदे केले. परिणाम काय झाला? कंपन्यांनी बिऱ्हाड उचलले आणि डेलावेअरला नेले. 1917 पर्यंत न्यू जर्सीने त्यातले बहुतेक कायदे मागे घेतले, पण गेलेल्या कंपन्या परत आल्या नाहीत. ज्या 1913 साली हे घडत होते त्याच वर्षीच्या जुलैमध्ये परमपूज्य बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोहोचले. हडसन नदीच्या एका तीरावर न्यूयॉर्क, दुसऱ्या तीरावर न्यू जर्सी! अर्थशास्त्राचा हा विद्यार्थी ज्या देशात तीन वर्षे राहिला, त्या देशात राज्ये भांडवलापुढे कशी वाकतात याचा धडा त्याच काळात लिहिला जात होता.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लुई ब्रँडाइस यांनी 1933 मधील एका भिन्नमत निकालपत्रात राज्यांच्या या शर्यतीवर कोरडे ओढले. ही शर्यत कायदा चांगला करण्याची नसून तो सैल करण्याची आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. शर्यत आजही थांबलेली नाही. जानेवारी 2024 मध्ये डेलावेअरच्या न्यायालयाने टेस्ला कंपनीचे एलॉन मस्क यांचे सुमारे 56 अब्ज डॉलरचे मानधन रद्द केले. मस्क चिडले आणि त्याच वर्षी जूनमध्ये भागधारकांच्या मताने टेस्लाची नोंदणी टेक्सासला हलवली. आणखी कंपन्या जातील या धास्तीने डेलावेअरच्या विधिमंडळाने मार्च 2025 मध्ये आपला कायदा बड्या भागधारकांना सोयीचा करून घेतला. पुढे डिसेंबर 2025 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते मानधनही मस्क यांना परत बहाल केले. एक श्रीमंत माणूस रुसतो आणि राज्य कायदा बदलते! आपल्याकडे गावच्या गाव पाण्यावाचून रुसते, तेव्हा तलाठीही फिरकत नाही.

म्हणून त्या मुलाला मी सांगितले, ‘‘डेलावेअर विसर. अमेरिकेतला लहान व्यापारीसुद्धा सहसा स्वतःच्याच राज्यात नोंदणी करतो. कारण दुसऱ्या राज्यात नोंदवली तरी जिथे धंदा तिथे पुन्हा परवानगी घ्यावी लागते आणि दोन्हीकडे शुल्क भरावे लागते. विदेशी गुंतवणूकदाराकडून कोट्यवधी डॉलर उभे करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. आणि त्यांनाही परतीची वाट महाग पडते. ‘ग्रो’ या शेअर दलाली कंपनीने 2024 मध्ये आपला मुक्काम डेलावेअरहून भारतात आणला, तेव्हा तिला सुमारे 1,340 कोटी रुपये कर तिकडे भरावा लागला. तू उधन्यात हातमोजे शिवणार. तुझ्या हातमोज्याला डेलावेअरचा पत्ता लावून काय मिळणार?’’

आता आपल्या देशाकडे येऊ. भारतात असे डेलावेअर का तयार झाले नाही?

त्याचे उत्तर संविधानाच्या सातव्या अनुसूचीत आहे. व्यापारी कंपन्यांची स्थापना, नियमन आणि विसर्जन हा विषय केंद्रसूचीत नोंद क्रमांक 43 मध्ये आहे आणि एकापेक्षा अधिक राज्यांत काम करणाऱ्या निगमांचा विषय नोंद 44 मध्ये आहे. राज्यांकडे नोंद 32 प्रमाणे सहकारी संस्था आणि इतर संस्था राहिल्या. ही विभागणी 1935 च्या कायद्यापासून चालत आलेली आहे, हे खरे. पण बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने आणि संविधान सभेने ती पक्की केली. कंपनी कायदा 1956 असो की आजचा 2013 चा कायदा असो, तो गडचिरोलीत जो आहे तोच गांधीनगरात आहे. संचालकाची जबाबदारी दोन्हीकडे सारखीच, भागधारकाचा हक्कही सारखाच. त्यामुळे कोणत्याही भांडवलदाराला ‘तुमचा कायदा कडक आहे, मी शेजारच्या राज्यात कंपनी नेतो’ अशी धमकी कंपनी कायद्यापुरती तरी देता येत नाही.

मजूरमंत्री म्हणून 1942 ते 1946 या काळात बाबासाहेबांनी कामगार कायद्यांत देशभर एकसारखेपणा यावा म्हणून त्रिपक्षीय परिषदेचा मार्ग धरला, हेही इथे आठवले पाहिजे. कायदा प्रांतागणिक बदलला की मालक स्वस्त प्रांत शोधतो आणि कामगार नागवला जातो, हे त्यामागचे साधे सत्य होते.

मग भारतात राज्य निवडण्याने काहीच फरक पडत नाही का? पडतो, पण तो मर्यादित. कंपनीच्या घटनापत्रकावरील आणि नियमावलीवरील मुद्रांक शुल्क राज्यागणिक कमी-जास्त असते. कंपनीच्या 21 अक्षरी ओळख क्रमांकात राज्याची दोन अक्षरे येतात, महाराष्ट्राची ‘एमएच’, गुजरातची ‘जीजे’. नोंदणीकृत कार्यालय ज्या राज्यात, त्या राज्याच्या कंपनी निबंधकाकडे कागदपत्रे जातात. उद्या भागीदारांत वाद झाला, एकाने दुसऱ्याला डावलले, तर राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या त्या राज्यासाठी असलेल्या पीठापुढेच दाद मागावी लागते. म्हणजे अकोल्याच्या मुलाने हौसेने दिल्लीत कंपनी नोंदवली तर भांडण लढायला त्याला दिल्लीचीच गाडी धरावी लागेल. वस्तू व सेवा कराचे म्हणाल तर 1 जुलै 2017 पासून ज्या ज्या राज्यातून माल विकला जातो त्या त्या राज्यात वेगळी नोंदणी घ्यावी लागते. त्यामुळे कागदावरचे राज्य बदलल्याने कर चुकत नाही. शिवाय कलम 12 प्रमाणे नोंदणीकृत कार्यालय खरेखुरे लागते, तिथे पत्र स्वीकारले गेले पाहिजे. आणि हे सगळे करूनही उद्या राज्य बदलावेसे वाटले, तर कलम 13 प्रमाणे ठराव करून, जाहिरात देऊन, धनकोंना कळवून, केंद्र सरकारची मंजुरी घेऊन कंपनी दुसऱ्या राज्यात नेता येते.

म्हणजे कंपनी नावाची ही कायद्याने निर्माण केलेली, रक्तमांस नसलेली व्यक्ती या देशात सीमा ओलांडू शकते. तिचे हक्क तिच्याबरोबर जातात. आता रक्तामांसाच्या माणसाचे काय होते ते पाहा.

संविधानाच्या अनुच्छेद 341 प्रमाणे राष्ट्रपती प्रत्येक राज्यासाठी अनुसूचित जातींची यादी जाहीर करतात. ती यादी ‘त्या राज्याच्या संबंधात’ असते. पहिला आदेश निघाला 10 ऑगस्ट 1950 रोजी. आजही महाराष्ट्रात दाखला काढायला गेलेल्या माणसाला त्या तारखेच्या आधीचा रहिवासाचा पुरावा मागितला जातो, तो याचसाठी. 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मर्री चंद्रशेखर राव खटल्यात निकाल दिला की एका राज्यातील अनुसूचित जाती-जमातीचा माणूस दुसऱ्या राज्यात गेला तर तिथे त्याला त्या सवलती मिळणार नाहीत. खटला मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशाचा होता. 1994 मध्ये महाराष्ट्रातील स्थलांतरितांच्या दाखल्यांच्या प्रश्नावर दुसऱ्या घटनापीठाने तेच सांगितले. जातीचे नाव दोन्ही राज्यांच्या यादीत असले तरी फरक पडत नाही. 2018 मध्ये बीरसिंग विरुद्ध दिल्ली जल बोर्ड या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी पुन्हा तेच तत्त्व कायम केले.

आता त्या उधन्याच्या मुलाला हे लावून पाहा. महार ही जात महाराष्ट्राच्या यादीत आहे, गुजरातच्याही यादीत आहे. ज्या दिवशी राष्ट्रपतींचा आदेश निघाला त्या दिवशी धुळे आणि सुरत दोन्ही एकाच मुंबई राज्यात होते! राज्ये वेगळी झाली 1 मे 1960 रोजी. आजोबा गेले 1972 साली. बारा वर्षांच्या या अंतराने नातवाचे नशीब बदलले. गुजरात सरकारच्या अनुसूचित जातींसाठीच्या योजना त्याला लागू नाहीत, कारण तो महाराष्ट्राचा. महाराष्ट्र सरकारच्या उद्योग योजना त्याला लागू नाहीत, कारण कारखाना गुजरातेत. दाखला आहे तिथे कारखाना नाही आणि कारखाना आहे तिथे दाखला चालत नाही!

सुरत-भुसावळ मार्गावर नवापूर नावाचे रेल्वे स्थानक आहे. अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. फलाटावर एक बाक आहे, त्याच्या मधोमध सीमारेषा रंगवलेली. लोक कौतुकाने त्यावर बसून फोटो काढतात. आमचा हा मुलगा त्या बाकावर बसला तर डाव्या अंगाने अनुसूचित जातीचा आणि उजव्या अंगाने सर्वसाधारण! पण त्याच बाकावरून उठून गावातल्या सवर्ण सावकाराकडे गेला, तर तो सावकार त्याला ‘तू कोणत्या राज्याचा’ असे विचारीत नाही. आडनाव विचारतो.

बाबासाहेबांनी हे स्वतः भोगले. बडोद्याहून अपमानित होऊन परतल्यावर, 1917-18 च्या सुमारास, त्यांनी मुंबईत शेअर व रोखे व्यवहारांबाबत सल्ला देणारा व्यवसाय सुरू केला होता. कोलंबिया आणि लंडन पाहिलेला अर्थतज्ज्ञ सल्ला देत होता. सल्ला घेणाऱ्यांना त्यांची जात कळली आणि गिऱ्हाईक बंद झाले. व्यवसाय गुंडाळावा लागला. त्यांच्या ज्ञानात काय कमी होते? बाजार स्वच्छ आणि निर्जात असतो असे सांगणाऱ्या अर्थपंडितांनी या एका घटनेचे उत्तर द्यावे.

जात राज्याची सीमा ओलांडून माणसाच्या मागे येते, हे आता न्यायालयानेही एका बाजूने मान्य केले आहे. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने निकाल दिला की अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण त्या व्यक्तीला देशात कुठेही मिळेल, तिच्या मूळ राज्यापुरते ते मर्यादित नाही. या निकालाचे स्वागतच आहे. पण मग आमचा साधा प्रश्न आहे. अपमान सीमा ओलांडतो, हे मान्य केले. त्या अपमानावरचा इलाज सीमेवर का अडवता?

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. न्यायालयाचे म्हणणे असे की प्रत्येक राज्यातील जातींचे मागासलेपण वेगवेगळे आहे. बाहेरून आलेल्यांना सवलत दिली तर स्थानिक दलितांचा वाटा कमी होईल. वैद्यकीय महाविद्यालयातील जागांच्या बाबतीत या युक्तिवादात वजन आहे. जागा मोजक्या असतात. एक आत आला तर दुसरा बाहेर जातो. गुजरातमधल्या वणकराच्या मुलाची जागा आपण मागू नये, हे आंबेडकरी न्यायबुद्धीलाही पटते. पण उद्योगाच्या बाबतीत हा हिशेब जुळत नाही. का, ते सांगतो.

केंद्र सरकारच्या 1 एप्रिल 2012 पासून लागू झालेल्या खरेदी धोरणाप्रमाणे केंद्राची मंत्रालये, खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी एकूण खरेदीपैकी 4 टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांचा एकूण वाटा आधी 20 टक्के होता, तो 2019 पासून 25 टक्के झाला. पण आमचे 4 टक्के? अंमलबजावणीच्या बहुतेक वर्षांत ते गाठले गेलेले नाहीत. ताट वाढले आहे आणि पंगतीला माणूस बसू दिला जात नाही, अशी ही गत. जिथे वाटा रिकामाच राहतो, तिथे स्थलांतरित दलित स्थानिक दलिताचा घास कसा हिरावणार?

भांडवलापेक्षाही बाजार महत्त्वाचा असतो, हे राजर्षी शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचे दुकान काढून दिले. पण दुकान काढून देऊन महाराज थांबले नाहीत. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? म्हणून महाराज स्वतः तिथे थांबून चहा पिऊ लागले आणि सोबतच्यांनाही पाजू लागले. राजाने गिऱ्हाईक व्हायचे, याला आजच्या भाषेत शासकीय खरेदी धोरण म्हणतात. महाराजांना त्यासाठी कोणत्याही राज्याचा दाखला लागला नाही.

आता उद्योगात उतरणाऱ्या मुला-मुलींसाठी, वकील म्हणून चार गोष्टी सांगतो. कात्रण काढून ठेवावे.

पहिली गोष्ट. कंपनीचे राज्य ठरवण्याआधी आपला दाखला काढून समोर ठेवा. तो कोणत्या राज्याचा आहे, पडताळणी झाली आहे का, हे पाहा. बौद्धांना केंद्राच्या यादीचा लाभ मिळाला तो 1990 च्या दुरुस्तीने. पण यादी जातींची आहे. दाखल्यावर जातीचा उल्लेख नसेल, नुसते ‘बौद्ध’ असेल, तर केंद्राच्या योजनेत अडवणूक होते. केंद्राच्या नमुन्यातील दाखला वेळीच काढून घ्या.

दुसरी गोष्ट. आपले गिऱ्हाईक कोण, हे ठरवा. माल केंद्राच्या उपक्रमांना, रेल्वेला विकायचा असेल तर मूळ राज्याचा दाखला देशात कुठेही पुढे करता येतो. तिथे कारखान्याच्या राज्याने अडत नाही. पण राज्य सरकारचा भूखंड, भांडवली अनुदान, व्याज सवलत हवी असेल, तर दाखल्याचे राज्य आणि कारखान्याचे राज्य एक असले पाहिजे.

तिसरी गोष्ट. केवळ कागदी पत्त्यासाठी दूरचे राज्य धरू नका. जिथे यंत्र, कामगार आणि तुमचे बिऱ्हाड, तिथेच नोंदणीकृत कार्यालय ठेवा. भाड्याच्या पत्त्यावर आलेली नोटीस तुम्हाला मिळाली नाही, ही सबब कुठेही चालत नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. खासगी मर्यादित कंपनी अनुसूचित जातीच्या मालकीची ठरण्यासाठी किमान 51 टक्के भाग आपल्या प्रवर्तकांकडे असावे लागतात. हा आकडा ऐकून काही शेटजी तुमच्याकडे येतील. ‘पैसा आमचा, नाव तुमचे, महिन्याला पाकीट घरपोच’ असे म्हणतील. अशा कागदावर सही करू नका! संचालक म्हणून जबाबदारी तुमची, बँकेची वैयक्तिक हमी तुमची, कर थकला तर नोटीस तुमच्या दारात. नफा मात्र शेटजींचा. शिवाय त्या एका खोट्या कंपनीने समाजातील एका खऱ्या उद्योजकाची ऑर्डर खाल्लेली असते. बाबासाहेबांनी मिळवून दिलेला हक्क भाड्याने देणे, ही समाजाशी बेइमानी आहे.

काही कार्यकर्ते विचारतील, आंबेडकरी दैनिकात कंपन्यांची चर्चा कशाला? बाबासाहेबांनी 1938 मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये प्रमुख उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मांडणी केली, आणि तुम्ही आम्हाला भागभांडवल शिकवता? प्रश्न रास्त आहे. ‘डिक्की’ची स्थापना 2005 मध्ये पुण्यात झाली तेव्हापासून ही चर्चा आपल्यात चालू आहे. माझे उत्तर असे. दहा-वीस दलित कोट्यधीश झाल्याने जातिअंत होणार नाही, यात शंका नाही. पण मोलमजुरी करणाऱ्याच्या घरातली पोर चार बायांना शिलाई मशीनवर रोजगार देते, तेव्हा गावच्या पाटलाच्या दारात जाण्याची त्या चार बायांची गरज संपते. ही स्वाभिमानाची गोष्ट आहे. तिला भांडवलशाही म्हणून हिणवू नये. आणि राज्य समाजवाद जोवर येत नाही तोवर आपल्या मुलांनी रिकाम्या हाताने बसावे, असे बाबासाहेबांनी कुठेही सांगितलेले नाही.

म्हणून चळवळीने दोन मागण्या उचलून धराव्यात. एक, संसदेने कायदा करून उद्योग, कर्ज आणि शासकीय खरेदी यांपुरता अनुसूचित जातीचा दर्जा सबंध देशात ग्राह्य धरावा. शिक्षण-नोकरीतील जागांना हात न लावता हे करता येईल. दोन, तोवर राज्य सरकारांनी अनुच्छेद 46 चा आधार घ्यावा. तो अनुच्छेद ‘दुर्बल घटकां’च्या आर्थिक हितसंवर्धनाची जबाबदारी राज्यावर टाकतो, त्यात अनुसूचित जाती विशेषत्वाने येतात, पण शब्द त्याहून व्यापक आहे. परराज्याचा दाखला असलेल्या, पण आपल्या राज्यात कारखाना काढून रोजगार देणाऱ्या दलित उद्योजकाला दुर्बल घटक म्हणून अनुदान द्यायला, माझ्या मते, न्यायालयांचे निकाल आड येत नाहीत. महाराष्ट्राने यात पुढाकार घ्यावा. धर्मांतरित बौद्धांच्या सवलतींचा प्रश्न केंद्राने 1990 पर्यंत लोंबकळत ठेवला, तेव्हा या राज्याने साठच्या दशकाच्या आरंभीच आपल्या अखत्यारीत त्या चालू केल्या होत्या. राज्यकर्त्यांची इच्छा असली की वाट सापडते, हा आपलाच इतिहास आहे.

शेवटी त्या बापलेकांना काय सांगितले? ‘‘दाखला धुळ्याचा आहे, तर कारखाना आणि कंपनी दोन्ही सीमेच्या अलीकडे, नवापूर परिसरात बघा. सुरतेचा कापडबाजार जवळच आहे. ते जमले नाही तर उधन्यातच उभारा, कंपनी गुजरातेतच नोंदवा, आणि केंद्राच्या चार टक्क्यांवर हक्क सांगा. दिल्ली नको, डेलावेअर तर नकोच.’’ मुलगा कागद आवरू लागला. वडील जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘‘साहेब, माझा बाप पोटासाठी सीमा ओलांडून गेला. आता पोराने पोटासाठी परत यायचं म्हणता?’’

माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते. ते उत्तर संसदेने द्यायचे आहे, आणि ते मागून घेणे आपल्या संघटित शक्तीचे काम आहे. जयभीम!